बडोद्याहून केवडियाच्या बागा: एका दिवसात नीट कशा बघाव्यात

बहुतेक मंडळी केवडियाला, म्हणजे आताच्या एकतानगरला, सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी जातात आणि बागा परतीच्या घाईत उरकतात. क्रम उलटा ठेवा. पुतळा दुपारी चारलाही तेवढाच उंच असतो, फुले मात्र उन्हाने मलूल झालेली असतात.

तारीख ठरवण्याआधी बडोद्याच्या कमाटीबागेत एक चक्कर मारा. सयाजीरावांची १८७९ची ही बाग हंगामी फुलांचा अंदाज घ्यायला उत्तम, कारण हवामान जवळपास तेच. तिथल्या वाफ्यांत पिटुनिया, फ्लॉक्स भरात असतील तर केवडियाला निघा. नुसत्या कळ्या दिसत असतील तर दोन आठवडे थांबा. ही रोपे उकाडा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतात आणि भरात यायला दोन-अडीच महिने घेतात. म्हणून जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा खरा काळ. नाताळच्या सुट्टीत गर्दी पूर्ण आणि फुले अर्धी, असा सौदा होतो. मार्चमध्ये हंगामी फुले बी धरू लागतात, पण वाटेवरचा पळस पेटलेला असतो आणि बोगनवेलही रंगात येते, कारण पाण्याचा ताण बसला की ती जास्त फुलते. सोमवार टाळा, त्या दिवशी केवडियाला बंद असते.

अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, डभोईमार्गे दोन तास. सहाला घर सोडा. बडोद्यातल्या प्रतापनगर स्थानकाहून रेल्वेही आहे, फक्त परतीची वेळ आधी बघून ठेवा. डभोईची गायकवाडी छोटी गाडी १८६२मध्ये सुरू झाली तेव्हा बैल ओढत असत. आताची गाडी त्यापेक्षा बरी पळते. दशम्या आणि तिखट पुऱ्या बरोबर असल्या की सकाळचा वेळ न्याहारीच्या रांगेत जात नाही.

तिकीट ऑनलाइन काढा आणि कोणत्या तिकिटात कोणती बाग येते ते काढतानाच वाचा. पुतळ्याच्या गॅलरीची वेळ दुपारनंतरची घ्या. सकाळची घेतलीत तर बागांचा सगळा क्रम कोलमडतो.

पोचताच नर्मदाकाठची फुलांची दरी गाठा, ऊन तिरपे असेपर्यंत. फोटो घेताना सूर्य फुलांच्या मागे ठेवलात तर पाकळ्या आतून उजळतात. नऊ-साडेनऊनंतर फुलपाखरांची बाग. त्याआधी जाण्यात अर्थ नाही: पंख उन्हाने तापल्याशिवाय फुलपाखरू उडत नाही, आणि भर दुपारी ते पानाआड बसते. फुलपाखरांचाच शौक असेल तर पावसाळा सरल्यावरचे दिवस हिवाळ्यापेक्षा बरे.

निवडुंगांच्या बागेला तासभर द्या. काचघरात उकडते, म्हणून बारा वाजायच्या आत. इथे एक खेळ मुलांना आवडतो: खरा कॅक्टस ओळखायचा. त्याचे काटे लोकरीसारख्या बारीक गादीतून फुटतात. तशी गादी नसेल तर ते बहुधा शेराच्या कुळातले झाड. कापल्यावर त्यातून दुधासारखा चीक येतो, आणि तो डोळ्यांत गेला तर वाईट. झाड खोडून खात्री करू नका. फड्या निवडुंगाला हात लागला तर मोठ्या काट्यांपेक्षा केसांसारखी बारीक कुसळे छळतात. ती चोळली की आत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढा. लहान मुले असतील तर पट्टीचे रिंगण खिशात असू द्या.

दुपारी जेवण, मग सावलीत औषधी वनस्पतींचे आरोग्यवन, आणि शेवटी पुतळा.

रोपे घ्यायची तर निघताना घ्या. फुललेल्यापेक्षा कळ्या जास्त असलेले रोप निवडा. निवडुंगाचा बुंधा बोटाने हलकेच दाबा. मऊ लागला तर आत सड आहे. गाडीच्या डिकीत रोप उकडून निघते, म्हणून मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. निवडुंग सोडून बाकीच्या रोपांच्या मुळांभोवती ओले गोणपाट गुंडाळा. घरी आणल्यावर पाच-सहा दिवस सावलीत राहू द्या आणि मगच कुंडी बदला. आल्याआल्या बदलली की दुखावलेली मुळे पानांना पाणी पुरवू शकत नाहीत, आणि चार दिवसांत पाने गळतात.