एकच फिल्टर, सात ठिकाणी

जँगो, म्हणजे पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क, शिकायला लागून चारेक महिने झाले होते. लेखांचं एक छोटं ॲप करत होतो. वाचकाला लेख दिसायचा तर दोन अटी होत्या: स्टेटस 'पब्लिश्ड' हवं आणि प्रकाशनाची वेळ होऊन गेलेली हवी. हा फिल्टर आधी मुखपृष्ठाच्या व्ह्यूमध्ये (पान तयार करणाऱ्या कोडमध्ये) लिहिला, मग शोधाच्या पानावर कॉपी केला, मग फीडमध्ये, असं करत करत सात ठिकाणी. पुढे तिसरी अट आली, लेखकाचं खातंही चालू हवं. सहा जागा बदलल्या, साइटमॅप (शोध इंजिनांसाठीची पानांची यादी) विसरलो. एरर कसलीच नव्हती, त्यामुळे महिनाभर कुणाला पत्ताही लागला नाही.

कोड बघून एक सीनियर म्हणाली, "लेख कधी दिसतो हे मॉडेलला, म्हणजे लेखांचं टेबल सांभाळणाऱ्या क्लासला, ठाऊक असू दे. व्ह्यूने फक्त मागायचं."

मॉडेलतर्फे डेटाबेसमधून नोंदी मागवतो तो मॅनेजर. मग त्याचा सबक्लास केला, त्यात या अटींची 'पब्लिश्ड' नावाची मेथड लिहिली आणि मॉडेलमध्ये 'ऑब्जेक्ट्स' म्हणून तो मॅनेजर लावला. झकास चाललं. पण आधी लेखकावर फिल्टर लावून पुढे 'पब्लिश्ड' जोडायला गेलो, तर ॲट्रिब्यूटएरर. कारण साधं आहे, पण मला अर्धा दिवस लागला: फिल्टर लावल्यावर हातात येतो तो क्वेरीसेट (डेटाबेसकडे करायची मागणी धरून ठेवणारं ऑब्जेक्ट), आणि मॅनेजरवर लिहिलेली मेथड त्याला माहीत नसते. म्हणून मेथड क्वेरीसेटच्या सबक्लासमध्ये लिहायची आणि त्याच्यावर 'ॲज मॅनेजर' कॉल करून मॅनेजर बनवायचा. ही सोय २०१४ च्या जँगो १.७ पासून आहे. आता मेथड दोन्हीकडे चालते आणि हवी तशी चेन करता येते, म्हणजे एकापुढे एक जोडता येते. क्वेरीसेट आळशी असतो. तीन मेथड जोडल्या तरी निकाल प्रत्यक्ष वाचायला घेईपर्यंत डेटाबेसकडे काहीच जात नाही, आणि जाते तेव्हा एकच क्वेरी. खात्री करायची असेल तर क्वेरीसेटचं 'क्वेरी' प्रिंट करून एसक्यूएल बघा. मी अजूनही बघतो.

यात एक चूक फार छुपी आहे. मेथडच्या आत 'सेल्फ'वर, म्हणजे हातात असलेल्या क्वेरीसेटवरच, फिल्टर लावायचा असतो. मी सवयीने मॉडेलचं नाव घेऊन 'ऑब्जेक्ट्स'पासून सुरुवात केली होती. त्यामुळे आधी लावलेला लेखकाचा फिल्टर गळून पडला आणि एका लेखकाच्या पानावर सगळ्यांचे लेख आले. इथेही एरर नाही. तेव्हापासून प्रत्येक मेथडची टेस्ट मी आधी दुसरा फिल्टर लावूनच लिहितो.

वेळेचंही तसंच. क्लास बेस्ड व्ह्यूच्या (क्लास म्हणून लिहिलेल्या व्ह्यूच्या) 'क्वेरीसेट' ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे थेट क्लासच्या अंगात, 'आत्ताची वेळ' वापरली की ती सर्व्हर सुरू होतानाच ठरते आणि तिथेच गोठते. नवे लेख रीस्टार्ट केल्याशिवाय दिसत नाहीत. वेळ मेथडच्या आत काढली की दर कॉलला नव्याने निघते.

आणि कितीही मोह झाला तरी मुख्य मॅनेजरची 'गेट क्वेरीसेट' ही सुरुवातीचा क्वेरीसेट देणारी मेथड बदलून मसुदे लपवू नका. मॉडेलमध्ये पहिला लिहिलेला मॅनेजर डीफॉल्ट ठरतो आणि ॲडमिनही (नोंदी संपादित करायची जँगोची तयार पानं) तोच वापरतो. मी हा उद्योग केला तेव्हा संपादकांना ॲडमिनमध्ये स्वतःचेच मसुदे सापडेनात. ते डिलीट झाले असंच त्यांना वाटलं, आणि त्यांचं काय चुकलं?

सुरुवात कुठून करायची, तर प्रोजेक्टभर 'फिल्टर' शब्द शोधा. दोन-तीनदा त्याच अटी दिसल्या की त्यांना व्यवहारातल्या भाषेतलं नाव द्या. एकदाच लागणारी अट व्ह्यूमध्ये राहिली तर बिघडत नाही. माझ्या ॲपमध्ये उत्साहाच्या भरात अकरा मेथड झाल्या होत्या, आता तीन उरल्यात.