आपली माहिती कोणाला, किती आणि कशासाठी द्यावी

तंत्रज्ञान कंपन्या आपली माहिती गोळा करतात याची काळजी अवश्य करावी, पण सगळ्याच माहितीची सारखी नव्हे. आपण कोणती गाणी ऐकतो हे कोणाला कळल्याने फारसे बिघडत नाही. स्थानाच्या नोंदींचे मात्र तसे नाही. फोन रात्री कोथरूडला आणि दिवसा हिंजवडीला असतो, एवढ्यावरून घर आणि कचेरी दोन्ही उघड होतात. त्यातच तो दर महिन्याला एखाद्या कर्करोग रुग्णालयात थांबत असेल, तर नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो.

म्हणून सुरुवात स्थानापासून करावी. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘लोकेशन’ उघडून कोणकोणत्या ॲपना परवानगी आहे ते पाहावे. रिक्षा बोलावणाऱ्या किंवा नकाशाच्या ॲपला ‘फक्त वापरताना’ एवढी परवानगी पुरते. हवामानाच्या ॲपला आपण पुण्यात आहोत इतके कळले तरी भागते, तेव्हा त्याचे ‘अचूक स्थान’ बंद ठेवावे. गुगल खात्यातील जुन्या नोंदी तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जातील अशी सोय आहे. तीही लावून घ्यावी.

संपर्कयादीबाबत मी अधिक कठोर आहे, कारण तिथे आपण इतरांची माहिती त्यांना न विचारता देत असतो. कर्ज देणाऱ्या ॲपनी संपर्कयादी, कॉलच्या नोंदी आणि फोनमधील फाइल्स पाहू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावले आहे. त्यामुळे एखादे कर्जाचे ॲप संपर्कयादी मागत असेल, तर तेथून कर्जच घेऊ नये.

घर भाड्याने घेताना दलालाला आधारची प्रत व्हॉट्सॲपवर पाठवण्याची सवय विद्यार्थ्यांनी तरी सोडावी. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत मिळते. शक्य तिथे तीच द्यावी. लक्ष्मी रस्त्यावरील दुकानात बिलासाठी मोबाइल क्रमांक मागितला, तर नम्रपणे नकार द्यावा, कारण क्रमांक दिल्याशिवाय विक्री न करणे अनुचित असल्याचे ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याची आणि माहिती पुसून मागण्याची तरतूद आहे. नको असलेले ॲप नुसते फोनमधून काढल्याने कंपनीकडचे खाते तसेच राहते. म्हणून आधी ॲपमध्ये जाऊन खाते रद्द करावे आणि मगच ॲप काढावे.