घरच्या संगणकावर डीडी फ्री डिश कशी बघावी

‘हे सॉफ्टवेअर घ्या आणि संगणकावर हजारो उपग्रह वाहिन्या बघा’ अशा जाहिरातींना भुलू नका. उपग्रहाचा सिग्नल छत्रीशिवाय, म्हणजे डिश अँटेनाशिवाय, पकडता येत नाही. पैसे घालायचे ते छत्री आणि ट्यूनरवर (छत्रीकडून आलेला सिग्नल संगणकाला देणारं उपकरण). चांगलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

सुरुवातीला सगळ्यात सोयीची सेवा प्रसार भारतीची डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री आहे, शिवाय आकाशवाणीची केंद्रंही ऐकता येतात. खासगी डीटीएच कंपन्यांच्या वाहिन्या कोडबंद असतात, त्या अशा ट्यूनरवर दिसत नाहीत.

सामान मोजकंच लागतं: साधारण ६० सेंटिमीटरची छत्री, केयू बँडचा (या सेवेच्या लहरपट्टीचा) युनिव्हर्सल एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर बसून सिग्नल गोळा करणारा भाग, आरजी-६ केबल, तिच्या टोकांना लागणारे एफ कनेक्टर आणि डीव्हीबी-एस२, म्हणजे उपग्रह वाहिन्यांचा, ट्यूनर. डेस्कटॉपला आत बसणारं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड घ्या, लॅपटॉपला यूएसबी पेटी. एलएनबीला केबलमधूनच १३ किंवा १८ व्होल्ट द्यावे लागतात आणि साध्या यूएसबी पोर्टवर मिळतात ५. म्हणून पेटीसोबत वेगळा अ‍ॅडॉप्टर आहे ना, हे दुकानातच बघा. नुसतं ‘डीव्हीबी-टी’ लिहिलेला स्वस्त डोंगल इथे निरुपयोगी आहे, तो जमिनीवरच्या मनोऱ्यांचं प्रक्षेपण पकडतो.

घरात फ्री डिशची छत्री आधीच असेल तर सेट टॉप बॉक्सची केबल काढून ट्यूनरला लावा, पुढचा परिच्छेद सोडा आणि त्यानंतरच्यातले फक्त आकडे भरा. टीव्ही आणि संगणक दोन्ही एकाच वेळी चालवायचे असतील तर दोन तोंडांचा एलएनबी बसवून घ्या.

खरी कसोटी छत्री लावताना लागते. फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्या-मुंबईहून तो आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. नागपूरहून अंदाजे १४५ आणि ६०. त्या रेषेत माड किंवा पाण्याची टाकी नको. होकायंत्र लोखंडी खांबापासून लांब उभं राहून बघा, खांबाजवळ सुई भरकटते. खांब ओळंब्यात हवा, तो कलला असेल तर छत्रीमागच्या पट्टीवरचे उंचीचे अंश खोटे ठरतात. आपल्याकडच्या बहुतेक छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. त्यांचं तोंड उपग्रहापेक्षा बरंच खाली बघतंय असं वाटतं, तरी पट्टीवरच्या अंशांवरच भरवसा ठेवा.

छत्री हलवण्याआधी संगणक चालू ठेवा, म्हणजे सिग्नल डोळ्यांनी बघता येईल. विंडोजवर प्रोगडीव्हीबी या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते, लिनक्सवर कॅफीन. एलएनबी युनिव्हर्सल (९७५०/१०६००), फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० असं भरा. आता बोल्ट अर्धवट आवळून छत्री केसभर सरकवा, दोन-तीन सेकंद थांबा, परत सरकवा. ट्यूनरला सिग्नल धरायला तेवढा वेळ लागतो आणि घाई केली की उपग्रह नकळत मागे सुटतो. नजर ‘क्वालिटी’वर हवी. ‘स्ट्रेंथ’चा पट्टा छत्री भलतीकडे वळलेली असली तरी भरलेला दिसतो. क्वालिटी चढली की एलएनबी जागच्या जागी थोडा फिरवून ती आणखी वाढते का बघा, मग बोल्ट आलटूनपालटून घट्ट करा. एकाच बाजूचा आधी करकचून आवळला की छत्री सरकते.

यानंतर स्कॅन करा. एका फ्रिक्वेन्सीवर सगळ्या वाहिन्या नसतात. फ्री डिशच्या बाकीच्या फ्रिक्वेन्सी तशाच भरून पुन्हा स्कॅन करा.

घरातल्या फोनवर आणि दुसऱ्या लॅपटॉपवरही बघायचं असेल तर लिनक्सवर टीव्हीहेडएंड हे घरभर वाहिन्या पुरवणारं सॉफ्टवेअर बसवा, माझी पसंती त्यालाच. ब्राउझरमधून ९९८१ या पोर्टवर ते उघडतं. आधी डीव्हीबी-एस नेटवर्क तयार करा, ते ट्यूनरला जोडा, वरचे आकडे टाकून ‘मक्स’ (एकेका फ्रिक्वेन्सीची नोंद) घाला आणि सापडलेल्या सेवा वाहिन्यांना जोडा. रेकॉर्डिंगही तिथूनच होतं. ३ मेगाबिट वेगाची वाहिनी तासाला सुमारे १.३ जीबी जागा खाते.

मुसळधार पावसात चित्र फुटेल, केयू बँडचा तो स्वभावच आहे. पण पाऊस थांबल्यावरही फुटत राहिलं तर एलएनबीजवळच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलंय का ते बघा. जूनच्या आधी तिथे रबरी चिकटपट्टी गुंडाळा आणि केबल घरात शिरते तिथे तिला खाली झुकतं वळण द्या, म्हणजे पाणी आत न येता बाहेरच ठिबकेल.