जुन्या अमेरिकन व्यापाऱ्यांची पत्रं आणि हार्डवेअरची बिलं वाचताना या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातलं पत्र हातात आलं की सगळे आधी सहीवर तुटून पडतात. सही नाही लागली तरी चालतंय हो, आधी आकडे जुळवा. टोटल येत नसेल तर कारकुनाला लगेच दोष देऊ नका, बहुतेक वेळा आपलंच वाचन चुकलेलं असतं.

सगळ्यात जास्त गोंधळ डिस्काउंटचा. कुलपं, बिजागऱ्या, स्क्रू यांच्या बिलात लिस्ट प्राइस (कॅटलॉगमधला छापील भाव) आणि पुढे "60, 10, 5" असं दिसतं, आणि लोक बेरीज करून 75 टक्के सूट धरतात. तसं नाहीये. सूट एकावर एक लागते, म्हणजे 100 डॉलरच्या मालाचे आधी 40 झाले, त्यातले 10 टक्के जाऊन 36, मग 5 टक्के जाऊन 34.20. कॅटलॉग परत परत छापणं परवडायचं नाही म्हणून छापील भाव तोच ठेवायचे आणि बाजार हलला की नवीन सूट पत्राने कळवायचे, त्यामुळे नुसत्या कॅटलॉगवरून "तेव्हा कुलूप एवढ्याला होतं" असं ठोकून देऊ नका.

खिळ्यांच्या ओळीत "10 डी" हा भाव नाही, साइज आहे, साधारण तीन इंची. भाव केगचा असायचा, म्हणजे 100 पाउंडांच्या पिंपाचा. लोखंडाचा टन बऱ्याचदा 2240 पाउंडांचा, 2000 धरलात की हिशोब गेलाच.

टिनप्लेटच्या, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या, पेटीवरचं "आयएक्स" (IX) म्हणजे रोमन नऊ नव्हे, तर "आयसी" (IC) या जाडीच्या खुणेपेक्षा जाड पत्रा. हा माल वेल्समधून लिव्हरपूलमार्गे यायचा. न्यूयॉर्कची फेल्प्स डॉज यातली बडी आयातदार पेढी, आणि इन्व्हॉइसमध्ये भाव कमी दाखवल्याच्या कस्टमच्या प्रकरणात तिने 1873 मध्ये 2,71,017 डॉलर भरले, तेव्हा इन्व्हॉइसवरच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको.

तारखेचं बघा. "इन्स्टंट" म्हणजे चालू महिना, "अल्टिमो" म्हणजे मागचा, म्हणून जानेवारीच्या पत्रातलं "12 अल्टिमो" गेल्या वर्षीच्या डिसेंबरात जातं. पत्राच्या कागदावर वर्षासाठी छापलेलं "185" (शेवटचा आकडा हाताने लिहायचा) खोडून 186 केलेलं असतं तेही नीट बघा. पत्राच्या मागे घडीवर पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख घेणाऱ्याच्या कारकुनाने बऱ्याचदा लिहून ठेवलेली असते, ते लोक बघतच नाहीत!

पाकीट नाही, तिकीट नाही म्हणजे पत्र गेलंच नाही असंही नाही. सरकारी तिकिटं 1847 पासूनची, त्याआधी कागदच घडी घालून लाखेने बंद करायचे आणि पोस्टेज बहुतेकदा घेणाराच द्यायचा. कोपऱ्यातला 18¾ सेंट हा मालाचा भाव नाही, 150 ते 400 मैलांचं एका कागदाचं पोस्टेज आहे. 12½ सेंटही असाच, डॉलरचा आठवा भाग, आपल्याकडे दोन आणे म्हणजे रुपयाचा आठवा भाग असायचा तसा, कारण डॉलरचे आठ भाग करणारी स्पॅनिश नाणी तिथे 1857 पर्यंत कायदेशीर चालायची. जुलै 1845 पासून दर वजनावर गेले, 300 मैलांपर्यंत 5 सेंट आणि पुढे 10, म्हणून 18¾ दिसला की पत्र त्याच्या आधीचं.

आणि कॉपीबुकातली (पाठवलेल्या पत्रांच्या नकला ठेवायच्या वहीतली) पातळ पानं ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, ती शाई ओलं पान मूळ पत्रावर दाबून पाण्यानेच उठवलेली असते, पाण्यानेच जाईल.