कान्हेरीचा कातळ वाचायचा कसा

माझे आजोबा पाट्या-वरवंट्याला टाकी लावायचे. दगड विकत घ्यायच्या आधी हातोडीची हलकी टिचकी मारून ऐकायचे. खणखणीत वाजला तर पाट्याला, बद्द वाजला तर बाजूला. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत हातोडी न्यायची नाही, पण नजर तीच ठेवायची.

आधी अंधेरीला गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी जाऊन या. सुमारे 61 मीटर उंचीचे काळे उभे खांब दिसतील. लाव्हा सावकाश थिजताना आकसला, उभा तडकला, त्याचे हे खांब. साधारण 6 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा उद्रेक. माणसाचा तेव्हा पत्ता नव्हता.

मग बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी गाठा. सोमवार टाळा, बंद असते. लेण्याबाहेरचा उघडा कातळ जवळून बघा. गिल्बर्ट हिलसारखा तो एकसंध नाही. चिक्कीत दाणे असावेत तसे लहानमोठे कोनदार तुकडे एकमेकांत घट्ट रुतलेले दिसतात. हाही ज्वालामुखीचाच दगड, पण घट्ट काळ्या पाषाणापेक्षा टाकीला सोपा. म्हणूनच इथे शंभराहून जास्त लेणी झाली, असं मला ठाम वाटतं. त्याची किंमतही दिसते: उघड्यावरचं कोरीवकाम पावसाने झिजलंय.

पहिलं लेणं अर्धवट सोडलेलं आहे, लोक तिथे थांबत नाहीत. तुम्ही थांबा. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरा, म्हणजे टाकीचे घाव उठून दिसतात. भिंतीला मात्र हात लावू नका. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, त्यानंतर बघा. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, 34 खांबांचं.

खरी वस्ती कळते ती पाण्यावरून. विहारांच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्यांच्या, दाराशी कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या दिसतील. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी इथे दानं दिली, त्यात पोढ्याही आहेत. पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहायचे, पण उन्हाळाही निघायला हवा. मला या वस्तीचं सगळ्यात मोठं काम हे पाणी साठवणंच वाटतं.

म्हणून पावसाळ्यात जा, सर थांबल्या थांबल्या. कातळावर कोरलेल्या पन्हाळी वाहत असतात. एक निवडा आणि तिच्या कडेकडेने, जपून पाय टाकत, पोढीच्या तोंडापर्यंत चालत जा.