फ्यूजनमधला स्केच मेनू गेला कुठे?

फ्यूजन (पूर्वीचे फ्यूजन ३६०) हे संगणकावर त्रिमितीय भाग रचण्याचे ऑटोडेस्कचे सॉफ्टवेअर. ते शिकायला जुना व्हिडिओ लावला की पहिल्याच मिनिटाला गाडी अडते. व्हिडिओतला माणूस ‘स्केच मेनू उघडा आणि लाइन घ्या’ म्हणतो, आणि आपल्या पडद्यावर स्केच नावाचा मेनूच नसतो. २०१९ साली फ्यूजनची मांडणी बदलली. त्याआधीचे सगळे व्हिडिओ आणि नोट्स जुन्या मांडणीवर बेतलेल्या आहेत. सॉफ्टवेअर स्वतःहून अपडेट होते, त्यामुळे जुन्या मांडणीकडे परत जायची सोय नाही. नव्या जागा एकदा लक्षात ठेवणे हाच सोपा मार्ग.

हत्यारे काढून टाकलेली नाहीत. स्केच, म्हणजे भागाचे सपाट रेखाटन, उघडे असेल तेव्हाच ती दिसतात, एवढाच फरक.

आधी डाव्या वरच्या कोपऱ्यातला वर्कस्पेसचा (कोणत्या प्रकारचे काम चालू आहे ते सांगणारा) मोठा चौकोन पाहा. तिथे ‘डिझाइन’ असायला हवे. ‘मॅन्युफॅक्चर’, ‘रेंडर’ किंवा ‘ड्रॉइंग’ असेल तर स्केचची हत्यारे शोधण्यात अर्थ नाही. ‘ड्रॉइंग’चा घोटाळा विशेष होतो: ते कागदावर छापायच्या नकाशासाठी आहे, तिथे काढलेल्या रेषांना एक्सट्रूड करता, म्हणजे जाडी देऊन घन आकार बनवता, येत नाही. पूर्वीचे ‘मॉडेल’ आणि ‘पॅच’ हे दोन वर्कस्पेस आता ‘डिझाइन’मध्येच एकत्र झाले आहेत. पॅचची हत्यारे ‘सरफेस’ टॅबवर आहेत, मॉडेलची ‘सॉलिड’ टॅबवर.

आता ‘सॉलिड’ टॅबवर या. ‘क्रिएट’ गटातले पहिलेच बटण ‘क्रिएट स्केच’. ते दाबले की उगमबिंदूपाशी (जिथून सगळी मापे मोजतात तो मूळ बिंदू) तीन प्रतले दिसतात. त्यातले एक किंवा आधीच्या भागाचा एखादा सपाट पृष्ठभाग निवडा. त्याच क्षणी वर ‘स्केच’ नावाचा नवा टॅब उगवतो. शोधत होतात ते सगळे इथे आहे.

या टॅबच्या ‘क्रिएट’ गटात लाइन, रेक्टँगल, सर्कल, आर्क, पॉलिगॉन, स्लॉट, स्प्लाइन, टेक्स्ट अशी काढायची हत्यारे आहेत. वरच्या टूलबारच्या पट्टीवर त्यातली मोजकीच चिन्हे दिसतात आणि लॅपटॉपचा पडदा लहान असेल तर आणखी कमी. म्हणून चिन्हे न्याहाळत बसू नका; ‘क्रिएट’ या शब्दावरच क्लिक करा, पूर्ण यादी खाली उघडते. लोकांना हमखास न सापडणाऱ्या तीन गोष्टी याच यादीच्या तळाकडे आहेत: मिरर, प्रोजेक्ट (आधीच्या भागाच्या कडा स्केचमध्ये घेणे) आणि स्केच डायमेन्शन (माप देणे). मिरर ‘मॉडिफाय’मध्ये असेल असे वाटते, पण नाही. ‘मॉडिफाय’मध्ये फिलेट, ऑफसेट, ट्रिम, एक्सटेंड आणि ब्रेक आहेत.

कन्स्ट्रेंट्स, म्हणजे रेषांना घालायच्या अटी, पूर्वी उजवीकडच्या स्केच पॅलेट नावाच्या चौकटीत असत. आता त्यांचा वरच्या पट्टीवर वेगळा गट आहे: हॉरिझॉन्टल-व्हर्टिकल, कोइन्सिडेंट, टँजंट, इक्वल, पॅरलल, मिडपॉइंट वगैरे. पॅलेटमध्ये राहिल्या त्या दिसण्याशी संबंधित गोष्टी, म्हणजे ग्रिड, स्नॅप, स्लाइस, प्रोफाइल. शिवाय कन्स्ट्रक्शन रेषेचा (फक्त आधारासाठीच्या रेषेचा) पर्याय. पॅलेटच कुठे हरवले असेल, किंवा वरची पट्टीच गायब असेल, तर विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट आणि आर एकदम दाबा. सगळी मांडणी मूळ जागी येते.

हात बसवायला मधोमध भोक असलेली एक साधी चौकोनी पट्टी (हा भाग, टूलबार नव्हे) काढून पाहा. स्केच उघडा, ‘क्रिएट’ → ‘रेक्टँगल’ → ‘सेंटर रेक्टँगल’ घ्या आणि पहिला क्लिक नेमका उगमबिंदूवर करा. माउस बाहेर ओढा, ६० टाइप करा, कीबोर्डवरची टॅब कळ दाबा, ४० टाइप करा, एंटर. मग सी दाबून त्याच बिंदूवर ८ मिमी व्यासाचे वर्तुळ काढा. रेषा काळ्या झाल्या म्हणजे स्केच पूर्ण बांधले गेले. निळ्या राहिल्या तर कुठेतरी माप किंवा कन्स्ट्रेंट कमी आहे. बहुतेक वेळा पहिला क्लिक उगमबिंदूवर बसलेला नसतो. शेवटी उजव्या टोकाचे हिरव्या खुणेचे ‘फिनिश स्केच’ दाबा. जुन्या व्हिडिओत याचेच नाव ‘स्टॉप स्केच’ होते. आता एक्सट्रूडसाठी ई दाबा, चौकोन आणि वर्तुळ यांच्या मधला भाग निवडा आणि ५ मिमी द्या. चुकून वर्तुळाच्या आतला भाग निवडलात तर भोक असलेल्या पट्टीऐवजी बारीक दांडा मिळेल.

एक्सट्रूड झाले की स्केच दिसेनासे होते आणि नवशिका पुन्हा घाबरतो. ते पुसलेले नसते, लपवलेले असते. फ्यूजनमधल्याच डावीकडच्या ब्राउझरमध्ये (डिझाइनमधल्या गोष्टींची यादी) ‘स्केचेस’ फोल्डर उघडा आणि त्या स्केचपुढचा डोळा चालू करा.

खरा त्रास होतो तो शॉर्टकटने. स्केच बंद असताना एल, आर किंवा सी दाबले तरी फ्यूजन कुरकुर करत नाही. प्रतल निवडायला सांगते आणि सरळ नवे स्केच सुरू करते. तुम्हाला वाटते जुन्या स्केचमध्येच एक भोक वाढवले. प्रत्यक्षात ‘स्केच२’ तयार झालेले असते आणि पट्टीचे माप बदलल्यावर ते भोक जागचे हलत नाही. म्हणून जुन्या स्केचमध्ये भर घालायची असेल तर खालच्या टाइमलाइनवर (केलेल्या कृतींची क्रमवार पट्टी) त्याच्या चिन्हावर डबल क्लिक करा, ‘स्केच’ टॅब वर आला याची खात्री करा आणि मगच शॉर्टकट वापरा. उरलेले उपयोगी शॉर्टकट: डी मापासाठी, टी ट्रिमसाठी, ओ ऑफसेटसाठी, पी प्रोजेक्टसाठी, एक्स रेषेला कन्स्ट्रक्शन करण्यासाठी.

एवढे करूनही एखादे हत्यार सापडत नसेल तर एस दाबा. शोधाची छोटी चौकट उघडते, तिथे हत्याराचे इंग्रजी नाव टाइप करा. आमच्या मते मेनू पाठ करण्यापेक्षा ही सवय जास्त टिकते, कारण पुढच्या अपडेटमध्ये बटणे पुन्हा हलली तरी नाव टाइप करून शोधता येते. वारंवार लागणाऱ्या हत्याराच्या नावापुढे, मेनूमध्ये माउस नेल्यावर, तीन टिंबे दिसतात. त्यातून ‘पिन टू टूलबार’ निवडले की ते टूलबारवर कायम राहते. वर्गात किंवा लॅबमध्ये एकच संगणक अनेक जण वापरत असतील तर मात्र टूलबार फार सजवू नका. पुढच्याला तीच शोधाशोध नव्याने करावी लागते.