ड्रिल हातात घेण्याआधी: शिडाच्या होडीचा बिल्ज पंप

बिल्ज म्हणजे होडीच्या आत, बुडाशी पाणी साचतं ती जागा. ते पाणी बाहेर टाकणारा पंप बसवायचं काम पावसाळ्यात होडी बाहेर काढलेली असते, तेव्हाच उरकावं. एकदा ऑक्टोबरात ती पाण्यात गेली की ओणवं होऊन बुडाशी खटपट करायला कुणी तयार नसतं. होडी म्हणजे इथे तीसेक फुटी, फायबरची शिडाची यॉट, 12 व्होल्टची बॅटरी, आणि आठवड्याचे पाच-सहा दिवस गेटवेसमोर बोयाला एकटी बांधलेली. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च हे सांगत बसत नाही.

पहिलं काम पंप आणणं नव्हे. पंपाचं पाणी बाहेर पडणार ते तोंड कुठे येणार, हे होडीवर पेन्सिलीने आखणं हे पहिलं काम. मोटरबोटवाल्यांचा सल्ला घेऊ नका, त्यांची होडी सरळ चालते. आपली कलते. मध्यरेषेपासून 1.4 मीटरवर, बाजूला तोंड काढलंत आणि होडी 25 अंशांनी कलली, की ते तोंड जवळजवळ 60 सेंटिमीटर खाली जातं. उभ्या होडीवर पाण्याच्या चांगलं वर दिसणारं भोक तेव्हा पाण्याखाली असतं. या पंपात नुसती फिरणारी पाती असतात, झडप नसते, त्यामुळे पंप थांबला की समुद्र त्याच नळीने आत येतो. मग फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच, वर उचलला जातो, पंप पाणी बाहेर टाकतो, थांबतो, पाणी परत आत. बॅटरी संपेपर्यंत हा खेळ चालतो, नंतर नुसतं आतच येत राहतं.

म्हणून तोंड मागच्या फळीत, मध्यरेषेच्या जवळ, जमेल तितकं वर. आणि तेवढ्यावर थांबायचं नाही. नळी डेकच्या खालच्या अंगापर्यंत वर नेऊन तिला कमान द्यायची, तीही मध्यरेषेजवळच, आणि कमानीच्या माथ्यावर हवा आत घेणारी अँटी-सायफन झडप बसवायची, म्हणजे नळी आपोआप समुद्राचं पाणी आत ओढत नाही. कमान कडेच्या कपाटात लपवलीत तर होडी कलल्यावर तीसुद्धा खाली जाते, मग तिचा उपयोग शून्य. मागच्या खेपेला माझ्या यादीत नळी होती, क्लिपा होत्या, कमान नव्हती. तेव्हा आधी तोंड, मग कमान, मग बाजारहाट.

दुकानदार म्हणेल, कमान कशाला, नॉन-रिटर्न व्हॉल्व टाका, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. टाकू नका. त्यात केस, लाकडाचा भुसा, फायबरचा चुरा अडकतो. अडकून उघडा राहिला तर समुद्र आत, बंद राहिला तर बिल्जचं पाणी आतच. वर त्याच्यावर उभा राहिलेला पाण्याचा भार पंपाला उचलावा लागतो, आणि पात्यांपाशी हवा कोंडली तर पंप नुसता घुंघुं करतो. हो, व्हॉल्व नसला की पंप थांबल्यावर नळीतलं पाणी परत बुडाशी येतं. 28 मिलिमीटरची तीन मीटर नळी म्हणजे दोनेक लिटर. फ्लोट तेवढ्याने पुन्हा उचलला जाणार नाही अशा उंचीवर बसवा, झालं.

पंप किती मोठा? डब्यावर 1100 गॅलन लिहिलं असेल तर ते ताशी साधारण 4,160 लिटर होतात, पण हा आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. नळी, वळणं आणि चढ धरून निम्मं मिळालं तरी चांगलं. आणि हा पंप होडी वाचवतो असं समजू नका. पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर पाच सेंटिमीटर व्यासाचं भोक पडलं तर तासाला 14,000 लिटर आत येतं. पंप आहे तो इंजिनाचा शाफ्ट होडीबाहेर जातो तिथल्या ग्रंथीतून (ग्लँडमधून) ठिबकणाऱ्या आणि डोलकाठीवरून उतरणाऱ्या पाण्यासाठी. हातपंप जागेवर राहू दे.

नळी आतून गुळगुळीत हवी. स्वस्त घड्यांची नळी प्रवाह खाते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर स्टीलच्या तारेची पारदर्शक नळी मिळते, चालेल, पण कापलेल्या टोकाशी तार गंजते, ते टोक बघत राहा. जिथे जागा आहे तिथे नळी आवळायच्या दोन-दोन जुबली क्लिपा, पट्टी आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेसचे. चुंबक सोबत न्या. क्लिपांचा स्क्रू बऱ्याचदा लोखंडी निघतो.

पंप बुडात स्क्रूने ठोकू नका! लाकडाचा ठोकळा इपॉक्सीने चिकटवा, स्क्रू ठोकळ्यात, तेही आखूड. त्याआधी बिल्जमधली पाणी वाहायची भोकं काडी घालून मोकळी करा, नाहीतर पाणी पुढे साचलेलं आणि पंप मागे कोरडा.

वायर कलई केलेल्या तांब्याची. घरगुती वायर खारट हवेत आतून काळी पडते. जोड बिल्जच्या बराच वर, गोंदवाल्या हीट-श्रिंकमध्ये, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणाऱ्या नळीत. फ्लोटची लाइन मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसकट; घरी जाताना तुम्ही मुख्य स्विच बंद करणार, पंप तेव्हाच लागणार. फ्यूज पंपाच्या कागदावर लिहिलेलाच, मोठा नाही. चार अँपिअरचा पंप अडकून चालूच राहिला तर 100 अँपिअर-तासाची बॅटरी बारा तासांत निम्मी होते, म्हणून पॅनेलवर दिवा लावा.

चाचणी: मुख्य स्विच बंद, बुडात गोडं पाणी, पंप आपोआप चालतो का, थांबतो का. पाण्यात उतरल्यावर वाऱ्यात दोन्ही बाजूंना कलवून बुडाची फळी उघडून बघा. दोन्ही बाजूंना म्हटलं. कमानीची झडप मिठाने बुजते, मधूनमधून गोड्या पाण्याने धुवा. इंजिनाखाली तेल टिपायला कपडा. क्लिपा आठवड्याने परत आवळा. गाळणी काढून साफ. दोरी बांधलेल्या 9 लिटरच्या दोन बादल्या, हाताशी.